मुलुंड ते दिंडोशी, पाणी ओतत ओतत

मला फार राग येतो, असं आमच्या इमारतीत सगळे म्हणतात. साफ खोटं आहे. मला राग येत नाही, मला राग आणतात. एक माणूस सकाळी साडेसातला स्वतःच्या मालकीच्या गाडीसमोर उभा आहे, बॉनेटखालून भसाभसा वाफ येते आहे, आणि वरच्या गॅलरीतून आवाज येतो, "काय नाईकधुरे, चहा ठेवलात वाटतं?" आता एवढ्यावर जो रागावणार नाही तो माणूस नव्हे, मैलाचा दगड.

गाडी कुठल्या कंपनीची होती ते मी सांगणार नाही. कंपनीचा त्यात काही दोष नव्हता. त्यांनी वीस वर्षांपूर्वी ती धडधाकट बनवून बाहेर पाठवली. पुढचं जे काय केलं ते आमच्याच लोकांनी. माझ्याकडे आली तेव्हा तिचा किलोमीटरचा काटा एकदा पूर्ण फिरून पुन्हा शून्यावरून निघाला होता आणि दुसऱ्या फेरीतही बराच पुढे गेला होता. आमच्या ऑफिसातले साहेब निवृत्त झाले आणि जाता जाता मला म्हणाले, "नाईकधुरे, गाडी चांगल्या हातात जातेय याचं समाधान आहे." त्यांच्या चेहऱ्यावरचं ते समाधान कशाचं होतं, हे मला पुढे कळलं.

गाडी घेतली ती मात्र आईसाठी. आईची धाकटी बहीण, शेवंतीमावशी, दिंडोशीला मुलाकडे असते. पडून तिचं खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून ती खुर्चीला खिळलेली. इकडे मुलुंडला आईचे दोन्ही गुडघे संपावर. रेल्वेचा पूल चढवत नाही, बसची पायरी चढवत नाही. तीन वर्षांत दोघी बहिणी भेटलेल्या नाहीत. आणि आता मावशीच्या मुलाने ठरवलं होतं की त्रिपुरी पौर्णिमा झाली की दुसऱ्याच दिवशी तिला कायमची गावाला न्यायची. म्हणजे दसऱ्यापासून मोजून पस्तीस दिवस.

"रिक्षा करू आपण," मी गाडी घेण्याआधी दहा वेळा म्हटलं होतं.

"रिक्षात माझ्या पोटात ढवळता," आई म्हणाली. आमच्या घरात बाकी सगळे मुंबईचं बोलतात, आई मात्र चाळीस वर्षांनंतरही मालवणीच. "आणि शेवंतीक मी निरोप धाडलंय. माझो झील माका आपल्या गाडीतून घेऊन येतलो म्हणून."

झील म्हणजे मुलगा, म्हणजे मी. निरोप आधी, गाडी नंतर. आमच्याकडे कामं अशीच होतात.

दसऱ्याला गाडीची पूजा झाली. तळमजल्यावरचे भाऊ घाडी, गिरणीतून निवृत्त झालेले, यांनी गाऱ्हाणं घातलं. गाऱ्हाणं म्हणजे आमच्या कोकणात देवापुढे उभं राहून मोठ्यानं केलेला अर्ज. भाऊंचा आवाज असा, की दोन इमारतींपलीकडची माणसंही गॅलरीत आली.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या लेकरान ही गाडी घेतलेली आसा म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" खाली जमलेली पंचवीस माणसं.

"तिका कोणाची वाकडी नजर लागली आसात, कोणी काय करणी केली आसात, तर ती दूर कर, आणि हिची वाट मोकळी कर म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

मग आईने लाल कापडात बांधलेला एक नारळ माझ्या हातात दिला. म्हणाली, "ही राखण. गाडीतच ठेव. शेवंतीच्या दारात पोचलों की थंयच फोडूया."

आता माझी पंचाईत बघा. याच वर्षी सव्वीस जानेवारीला मी सोसायटीच्या गच्चीवर 'अंधश्रद्धा आणि आपण' या विषयावर पाऊण तास भाषण केलं होतं. झकास झालं होतं. समोरच्या बैठ्या चाळीतला अंबादास तेव्हा मुद्दाम येऊन मला भेटला होता. हा पाण्याचा टँकर चालवतो. माणूस मोजकं बोलणारा. "साहेब, आमच्या बाबासाहेबांनी हेच सांगितलं होतं. तुमच्या तोंडून ऐकून बरं वाटलं," असं म्हणून त्याने माझा हात हातात घेतला होता. आणि आता हाच अंबादास समोर उभा राहून बघतोय, आणि माझ्या हातात लाल कापडातला नारळ! समोरच्या काचेपाशी ठेवावा तर जगजाहीर. डिकीत ठेवावा तर आई म्हणणार, देवाला मागे बसवलं. तेव्हा सगळे पांगल्यावर मी तो अशा एका जागी ठेवला की जिथे तो पुढेही राहील आणि कुणाला दिसणारही नाही. खडखडू नये म्हणून चारी बाजूंनी माझा जुना पंचा घट्ट कोंबला. कुठे ठेवला, हे कृपा करून विचारू नका. तो माझा खासगी प्रश्न होता.

दुसऱ्या रविवारी आईला न्यायच्या आधी एक चाचणी म्हणून मी आणि रत्नप्रभा निघालो. रत्नप्रभा माझी पत्नी. ती गाडीत बसल्या बसल्या म्हणाली, "अहो, हा काटा लालकडे का चाललाय?" मी म्हटलं, "तू बाहेरची हवा खा, काट्याकडे मी बघतो." भांडुपला गाडीतून उंच कारंजं उडालं. रत्नप्रभा काही बोलली नाही. ती काही बोलत नाही तेव्हा मला जास्त राग येतो.

गाडी बंद पडली ती नेमकी दादू मेकॅनिकच्या गॅरेजसमोर. मी याला योगायोग समजलो, दादू गिऱ्हाईक समजला.

"साहेब, टेन्शन नाय घ्यायचं," बॉनेट उघडून तो म्हणाला. "फॅनबेल्ट ढिला हाय. पंखाच फिरत नाय तर गाडी थंड कशी होणार?" त्याने नवा पट्टा घातला. त्या पट्ट्याच्या बळावर पुढच्या खेपेला गाडी कांजूरमार्गपर्यंत गेली आणि तिथे उकळली.

आता सल्ल्यांचा पूर लोटला. आपल्या लोकांचा एक गुण आहे. ज्याने उभ्या आयुष्यात सायकलचं पंक्चर काढलेलं नाही, त्यालाही दुसऱ्याच्या इंजिनात काय बिघडलंय ते चालता चालता कळतं. दूधवाला म्हणाला, तेलात पाणी उतरलंय. पेपरवाला म्हणाला, पाण्यात तेल उतरलंय. भाऊ घाडी म्हणाले, गाडीच्या आधीच्या मालकाचं काहीतरी देणं राहिलं असणार, देवाचं हो, माणसाचं नव्हे. या सगळ्यांत थोर म्हणजे श्यामसुंदर.

हे श्यामसुंदर आमच्या डोक्यावर राहतात आणि सोसायटीचे सेक्रेटरी आहेत. त्यांच्याकडे मोटारींवरचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आहे. मोटार नाही. ते पुस्तक बगलेत मारून खाली आले आणि म्हणाले, "नाईकधुरे, थर्मोस्टॅट! इंजिनातल्या पाण्याची वाट उघडणारी झडप असते ती. तुमची बंदच राहत असणार. पान एकशे बारा."

थर्मोस्टॅटसाठी मी भर उन्हात कुर्ल्याच्या भंगारवाल्यांच्या रांगेत तीन तास फिरलो. एकाने मला दिला तो दुसऱ्याच गाडीचा निघाला. परत गेलो तर तो म्हणाला, "साब, आपने गाडी का नाम नहीं बताया." अरे, गाडीचं नाव सांगायला मी बारशाला आलोय का? सांगितलं होतं, चांगलं दोनदा ओरडून सांगितलं होतं! शेवटी मिळाला. दादूने बसवला. गाडी कांजूरमार्ग ओलांडून गांधीनगरच्या वळणावर उकळली. म्हणजे प्रगती होती, नाही असं नाही. दर दुरुस्तीगणिक ती दिंडोशीच्या दिशेने थोडी थोडी सरकत होती. या हिशेबाने आम्ही पुढच्या होळीला पोचलो असतो.

"आता असं करा," श्यामसुंदर म्हणाले, "रेडिएटर धुऊन काढा. नळाला पाइप लावा आणि अर्धा तास पाणी सोडा. सोडा म्हणजे सोडाच. अजिबात कंजूषी करू नका."

मी कंजूषी केली नाही. संध्याकाळी दाराखालून एक कागद आत सरकला. 'श्री. नाईकधुरे यांस, आपण सोसायटीच्या सामायिक नळाचे पाणी खासगी वाहनाकरिता अर्धा तास वाया घालविल्याचे निदर्शनास आले आहे. सात दिवसांत लेखी खुलासा करावा.' खाली सही, श्यामसुंदर, सेक्रेटरी.

मी तसाच बनियनवर वर गेलो. "अहो, तुम्हीच सांगितलंत ना पाणी सोडायला?"

"ते शेजारी म्हणून," श्यामसुंदर शांतपणे म्हणाले. "हे सेक्रेटरी म्हणून. बसा, चहा घ्या."

माझ्या डोक्याची जी शीर उडायला लागली ती चार दिवस थांबली नाही. मी तो चहा घेतला नाही. नंतर वाईट वाटलं, कारण आलं घातलेला होता.

खुलासा लिहीत बसलो होतो तेव्हा अंबादास दाराशी आला. "साहेब, राग मानू नका. टँकर पण तापतो ना, म्हणून सांगतो. पाणी ठीक, पंखा ठीक, मग हवाच लागत नसेल. पुढची जाळी काढून एकदा बघू का? दोन मिनिटांचं काम."

"काही गरज नाही!" मी इतक्या जोरात ओरडलो की रत्नप्रभा स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"नाही, जाळीच्या आत पिशवी, पाला..."

"अंबादास, तो टँकर आहे आणि ही मोटार आहे! जाळीला कुणी हात लावायचा नाही!"

तो माझ्याकडे क्षणभर बघत राहिला, "बरं" म्हणाला आणि गेला. माझं चुकलं हे मला तेव्हाच कळलं होतं. पण कळलं की राग उतरतो असं कुणी सांगितलं? उलट तो वाढतो.

मग दादूने अख्खा रेडिएटर उतरवला, उकळत्या सोड्याने साफ करून परत चढवला. पाण्याचा पंप बदलला. रबरी पाइप बदलले. झाकण बदललं. गाडीत आता मूळचं असं फक्त हॉर्न आणि मी. आणि दिवस? पस्तिसातले चौतीस गेले. रोज सकाळी आई नवी साडी घडीची काढून मांडीवर घेऊन बसायची. मी बाहेर गाडीवर डाफरत असलो की ती खिडकीतून बघायची आणि साडी परत कपाटात ठेवायची. एक अक्षर नाही बोलली. एकदा विचारायचं तरी, की रे, नेणार आहेस की नाही? मी तिच्यावरही ओरडणार होतो, पण ओरडायला काही कारण म्हणून देत नव्हती बाई.

शेवटच्या दिवशी, त्रिपुरी पौर्णिमेच्या सकाळी, मी गाडी काढली. पाण्याचे चार डबे डिकीत. आई मागे, नवी साडी नेसून. तिच्याजवळ रत्नप्रभा. पुढे माझ्या शेजारी श्यामसुंदर, पुस्तकासकट. "वाटेत गरज लागेल," असं म्हणून ते स्वतःच बसले होते. उतरा म्हटलं असतं तर आणखी एक नोटीस आली असती.

भांडुप गेलं. कांजूरमार्ग गेलं. गांधीनगरचं वळणही गेलं. मी शिट्टी वाजवायला लागलो. पवईचा तलाव दिसला आणि चढावर काटा सरसरत लालवर गेला. फस्स! समोर पांढरं धुकं. गाडी एका बाजूला घेऊन मी खाली उतरलो आणि पुढच्या चाकाला अशी लाथ मारली की चप्पल उडून गटारात पडली.

"वाट लागली! सगळी वाट लागली! हा दादू चोर आहे! ते भंगारवाले चोर! आणि हे तुमचं पुस्तक, ते टाका त्या तलावात!" मी एका पायावर उभा राहून ओरडत होतो. "पस्तीस दिवस! एका म्हातारीला तिच्या बहिणीकडे न्यायचंय, काही चंद्रावर नाही न्यायचंय!"

आईने काच खाली केली. "झिला, शेवंती उद्या जातली," एवढंच म्हणाली. मी डिकीतून पाण्याचा डबा काढला, त्याचं झाकण उघडेना. मला त्याचाही राग आला.

मागून टँकरचा हॉर्न वाजला. अंबादास. त्याने टँकर उभा केला, खाली उतरला, माझी चप्पल गटारातून काढून धुऊन माझ्यापुढे ठेवली. मग स्क्रूड्रायव्हर घेऊन सरळ जाळीपाशी बसला. या वेळी मला विचारलं नाही. मी "अंबादास..." म्हणालो, तोवर पहिला स्क्रू निघाला होता.

जाळी निघाली. आत, जाळी आणि रेडिएटरच्या मधोमध, गच्च बसवलेलं गाठोडं. आधी पंचा निघाला, करपून खाकी झालेला. मग लाल कापड. मग नारळ. सगळं तांब्याच्या तारेने नीट आवळलेलं आणि वरच्या बाजूला जळून गेलेल्या उदबत्तीची काडी खोचलेली. ती तार आणि ती उदबत्ती मी लावलेली नव्हती.

"हवा इथेच अडत होती," अंबादास म्हणाला. "कुणी ठेवला हा?"

मी तलावाकडे बघत होतो. मुलुंडच्या गच्चीवरचं माझं पाऊण तासाचं भाषण मला अथपासून इतिपर्यंत आठवत होतं.

"मीच ठेवलंय," मागून आईचा आवाज आला. "म्हाताऱ्या माणसाक काय कळता? देवाचो म्हणून ठेवलंय."

अंबादासने आईच्या गुडघ्यांकडे बघितलं. मग त्या जाळीच्या उंचीकडे. मग हातातला पंचा हळूच उलटा केला. कोपऱ्यावर रत्नप्रभाने लाल दोऱ्याने भरलेली माझी अक्षरं होती, 'चं. ना.' लाँड्रीत बदलू नये म्हणून ती सगळ्या कपड्यांवर भरते. त्याने पंच्याची घडी घातली, अक्षरं आत गेली.

"असू द्या आजी," तो म्हणाला. "आमच्यात हे काही नसतं, म्हणून मी काढला. दुसऱ्या कुणी हात लावला नसता."

गाडी निवाल्यावर त्याने टँकरचं पाणी भरलं. नारळ आईच्या मांडीवर दिला. मी त्याला म्हणालो, "अंबादास, त्या दिवशी मी..." तो म्हणाला, "साहेब, जावा आता, वेळ जातोय," आणि टँकरवर चढला.

गाडी आरे कॉलनीतून अशी गेली की मी पुन्हा पुन्हा काट्यावर टिचकी मारून बघत होतो, तो बिघडला तर नाही ना म्हणून. अर्ध्यावर होता, हलेना.

दिंडोशीला मावशीची खुर्ची पोरांनी उचलून आधीच खाली फाटकात आणून ठेवली होती. सकाळपासून तिथेच बसून होती म्हणे. आई गाडीतून उतरली आणि दोघी आधी भांडल्या. "पस्तीस दिवस काय गाडी ढकलीत येय होतंस?" मावशी म्हणाली. "तुका कित्या घाई? उद्या तर जातलंस," आई म्हणाली. मग दोघींनी एकमेकींचे हात धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत. नारळ फाटकाच्या दगडावर मीच फोडला. आत पाणी नव्हतं. महिनाभर इंजिनाच्या धगीवर राहून खोबरं चक्क भाजलं गेलं होतं. मावशीच्या तोंडात चार दात, तरी तिने दोन तुकडे खाल्ले आणि मला म्हणाली, "झिला, भाजलेला खोबरा माका आवडता, ह्या तुज्या लक्षात होता?"

"होय," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

त्यानंतर त्या दोघी पुन्हा भेटल्या नाहीत.

परत येताना पवई ओलांडली तेव्हा मी गाडी बाजूला घेतली. म्हटलं, आता जे व्हायचं ते होऊ दे. "श्यामसुंदर, ऐका. तो नारळ मी ठेवला होता."

"ठाऊक आहे," ते पुस्तकातून डोकं न काढता म्हणाले. "रेडिएटर उतरवला तेव्हा दादूला सापडला. त्याने मला विचारलं, काय करू? मी म्हटलं, धार्मिक बाब आहे, होता तसा ठेव. त्याने नमस्कार केला, उदबत्ती लावली आणि पक्का बांधून बसवला."

"मला पण दादूने सांगितलं होतं," रत्नप्रभा मागून म्हणाली. "पंच्यावरची अक्षरं वाचून विचारत होता, तुमचेच ना?"

"मग कुणी मला बोललं का नाही?" मी ओरडलो.

माझा स्वतःचाच आवाज गाडीत घुमत राहिला, आणि तेच त्याचं उत्तर होतं.

जरा वेळाने मी मागे वळलो. "आणि आई, तू? तू का स्वतःवर घेतलंस?"

आईने पदराच्या गाठीत बांधून आणलेला खोबऱ्याचा तुकडा सोडला, माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाली, "पस्तीस दिवस तू सगळ्यांवर रागावलंस. एक मीच तेवढी उरलंय. म्हटलंय, आता माझोव नंबर लागांदे."

मी खोबरं तोंडात टाकलं. करपलेलं होतं, पण गोड होतं. मग पहिला गिअर टाकला आणि मुलुंडपर्यंत एक शब्द बोललो नाही.